लोंबता दोरा

पाळणाघराने कागद दिला आहे, मापांचा.
पिशवी तीस बाय चाळीस, नाडी दोन्ही बाजूंनी.
पेल्याची थैली वेगळी.
दुपारच्या गादीला खोळ, चारही कोपऱ्यांना बंद.
लादी पुसायची फडकी, दोन, दुहेरी शिवलेली.
आणि सगळ्यात खाली, गोल अक्षरात:
शक्य असल्यास घरी शिवावे.

मशीन सायोकोची.
ती आठवड्यातले पाच दिवस फेरीबोटीवर असते,
आत्ता तोमाकोमाईच्या वाटेवर कुठेतरी
शंभर माणसांचा भात लावत असेल.
मी हाचिनोहेच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात.
संध्याकाळी घरी येतो तेव्हा
बोटं तासभर तरी माझी नसतात.

पहिली पिशवी उलटी झाली,
फुलं आत, शिवण बाहेर.
कोनात्सुने ती डोक्यात घातली
आणि जेवण होईपर्यंत काढली नाही.
दुसरी बरी. एक कान वर, एक खाली,
आमच्या गल्लीतल्या मांजरासारखी.

मग थंडी आली, आणि कागदात नसलेली एक गोष्ट
मी शिवायला घेतली:
बिनबाह्यांची बंडी, आत कापूस,
वरून सायोकोच्या जुन्या युकाताचं कापड,
निळ्यावर चतुर.

खालच्या मजल्यावर हाताकेयामाबाई राहतात.
चाळीस वर्षं त्यांनी बांगडे चिरले,
अजून त्यांच्या अंगठ्याला सुरीचं वळण आहे.
बंडी हातात घेतली, उलटी केली, पाठ पाहिली.
म्हणाल्या, पाठ आंधळी आहे हिची.

मोठ्यांच्या पाठीवर मधोमध शिवण येते.
पोराची पाठ एका पन्ह्यातच मावते,
शिवण लागतच नाही.
आणि शिवणीच्या रेघेला आपण डोळाच म्हणतो ना?
जिथे डोळा नाही तिथून काहीही आत शिरतं.
मानेखाली बारा टाके घाला, लाल.
शेवटचा दोरा कापू नका, लोंबू दे.
विहिरीत पडली, विस्तवात पडली,
तर वरच्याला धरायला काहीतरी हवं.

मी म्हणालो, इथे कुठे आलीय विहीर.
त्या म्हणाल्या, बंदर आहे ना.

रात्री अकराला मी बारा टाके घातले.
नऊ झाल्यावर उसवले.
परत घातले, ते अकराच भरले.
कोनात्सु झोपेत कूस बदलत होती,
आणि मी, ज्याने बापाच्या वर्षश्राद्धालाही
हात जोडताना घड्याळ पाहिलं होतं,
तो मी दिव्याखाली टाके मोजत होतो,
मोठ्याने.

बोटभर दोरा सोडला. गाठ मारली नाही.

सोमवारी संध्याकाळी आणायला गेलो.
नव्या बाई दारातच हसल्या, वाकल्या.
किती सुंदर शिवलीय हो बंडी!
मागे एक दोरा सुटला होता,
कशात अडकेल म्हणून मी कापून टाकला.

मीही वाकलो. म्हणालो, आभारी आहे.
काय सांगणार होतो?
त्यांनी अगदी जपून कापला होता,
कापडाला लागून, छोट्या कात्रीने.

घरी जाताना धक्क्यावर
ती समुद्रपक्ष्यांमागे सुटली.
दोन वर्षं चार महिने वय, आणि पाय असे,
जणू सगळी जमीन तिच्याच नावावर.
मी धावलो. पक्षी उडाले.
माझ्या मुठीत मानेखालचं कापड आलं,
ओबडधोबड, टाक्यांनी टणक झालेलं.
खाली पाणी, डिझेलचा तवंग, एक तरंगती चप्पल.
ती रागावून म्हणाली, बाबा, ओढू नको.

हात बराच वेळ सोडवेना.
तिनेच एकेक बोट काढलं.

आता ती झोपली आहे.
सायोकोचा फोन लागत नाही, समुद्रात रेंज नसते,
ती बुधवारी येईल.
लाल दोरा सुईत जात नाही,
टोक ओलं केलं, चौथ्यांदा.
बाईंना उद्या काय सांगायचं ते सुचलेलं नाही.
पेल्याची थैलीही राहिलीच आहे अजून.